नातवाची तिसरी भाषा

“अं, दे, त्र्वा, कात्र, सँक—”

२०२५ सालच्या आषाढांतील संकष्टीच्या दिवशीं सकाळीं देवघरांत बसलों असतां हे शब्द कानीं आले आणि हातांतील पळी क्षणभर तशीच राहिली. बाहेर पडवीवर आमच्या वडील भगिनी आक्का दूर्वा निवडीत होत्या आणि माझा सहा वर्षांचा नातू त्यांच्या पुढ्यांत बसून एकेक दूर्वा वेगळी ठेवीत होता. मोजणी एकविसापर्यंत गेली. एकविसाव्या दूर्वेस त्यानें “वँ-ते-अं” असा कांहींसा उच्चार केला आणि जुडी आक्कांच्या हातांत दिली. आक्कांनीं ती पुन्हां मराठींत मोजून पाहिली. एकवीसच होत्या. “बरोबर आहेत रे बाळा,” असें म्हणून त्यांनीं जुडीला दोरा गुंडाळला. फ्रेंच भाषेंत मोजलेल्या दूर्वा गणपतीला चालतात किंवा कसें, हा प्रश्न त्यांच्या मनांत आलाच नाहीं. तो माझ्याच मनांत आला.

जुन्या जालन्यांत, कुंडलिकेच्या अलीकडे, आमचें तीन पिढ्यांचें घर आहे. नदीच्या पलीकडे नवा जालना, तेथें बाजारपेठ. अलीकडे आनंदीस्वामींचा मठ, मस्तगड, आणि आमच्यासारखीं जुनीं माणसें. बियाणें आणि लोखंडी सळया यांकरितां आज गांवाचें नांव दूरवर गेलें आहे. पण आमच्या गल्लींत फ्रेंच भाषा उच्चारली गेल्याचें निदान माझ्या आठवणींत तरी नाहीं. माझी कन्या व जावईबापू कॅनडाच्या राजधानींत, ऑटावा शहरीं, राहतात. तेथील सरकारी शाळांच्या एका मोठ्या मंडळानें २०१६ पासून बालवर्ग द्विभाषिक केले आहेत. मूल चौथ्या वर्षीं शाळेंत जातें आणि दोन वर्षें दिवसाचा निम्मा भाग इंग्रजींत, निम्मा फ्रेंचमध्यें घालवितें. पहिलीच्या उंबरठ्यावर आईबापांस निवड करावी लागते. शाळा इंग्रजीच ठेवून फ्रेंच हा एक विषय घ्यावयाचा, किंवा ज्यास तिकडे ‘इमर्शन’ म्हणतात तो मार्ग धरावयाचा. आपण त्यास ‘अवगाहन’ म्हणूं. मुलास व्याकरणाच्या पायऱ्यांवरून हळूहळू पाण्यांत उतरवावयाचें नाहीं; सरळ डोहांत सोडावयाचें. बहुतेक विषय फ्रेंचमधून, खेळांतल्या सूचना फ्रेंचमधून, रागावणेंहि फ्रेंचमधून.

ही निवड सप्टेंबरपूर्वीं व्हावयाची होती. तिकडे शाळांची मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टची. म्हणून मायलेक आषाढाच्या पावसांत सात आठवडे आमच्याकडे आलीं होतीं.

आल्यावर आठवड्याच्या आंतच एके रात्रीं कन्येनें विषय काढला. मुलांच्या भाषेची वाढ पाहणाऱ्या तिकडील एका तज्ज्ञ बाईंनीं तिला सल्ला दिला होता. शाळेंत दोन भाषांचा भार आहेच, मग घरीं तिसरी कशाला? मुलाचीं वाक्यें अर्धीं एका भाषेंत, अर्धीं दुसरींत होतात. तेव्हां कांहीं वर्षें घरींहि इंग्रजीच बोला, मराठीचें पुढें पाहतां येईल. बाईंनीं हें मुलाच्या कळकळीनेंच सांगितलें असावें. “बाबा, तुम्ही बत्तीस वर्षें मुलें शिकविलींत,” कन्या म्हणाली, “तुम्हीच सांगा, काय करूं?”

प्रश्न आमच्या घरांतच होता असें नव्हे. त्या वर्षीं एप्रिलमध्यें महाराष्ट्र सरकारनें पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची केली, जूनमध्यें तो हुकूम थोडा सैल केला, आणि सर्वत्र ओरड झाल्यावर २९ जून रोजीं दोन्ही हुकूम मागें घेऊन समिति नेमली. सहा वर्षांच्या मुलानें किती भाषांचें ओझें वहावें याविषयीं वर्तमानपत्रांचे रकाने भरून वाहत होते. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलें तेव्हां मी नोकरींत होतों आणि विरोधकांत होतों. तेव्हां माझें मत ठाम होतें. पण स्वतःच्या नातवाविषयीं कोणी विचारलें म्हणजे मताचा ठामपणा कोठें जातो कोण जाणे!

तरीहि मीं तत्काळ उत्तर दिलें. तें उत्तर म्हणजे आमच्या नानांची हकीकत.

माझे तीर्थरूप, ज्यांस आम्ही नाना म्हणत असूं, यांचा जन्म १९२२ चा. जालना तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. हैदराबादेस १९१८ मध्यें उस्मानिया विद्यापीठ निघालें आणि त्याचें माध्यम उर्दू ठरलें. देशी भाषेंतून उच्च शिक्षण देण्याचा प्रयोग म्हणून तो मोठाच होता. शास्त्रें, वैद्यक, कायदा यांचे ग्रंथ उर्दूंत आणण्याकरितां तेथें स्वतंत्र भाषांतरखातें काम करीत होतें. परंतु राज्यांतील बहुसंख्य रयतेची ती भाषा नव्हती. रयत तेलुगु, मराठी आणि कानडी बोलत होती. वर उर्दू म्हणून खालींहि हळूहळू उर्दूच. प्राथमिक शाळा ती तहतानिया, मधली वस्तानिया, आणि हायस्कूल तें फोकानिया. नाना आरंभीं मराठींत शिकले, पण वरच्या वर्गांत गेल्यावर गणितहि उर्दूंत आलें. बेरीज म्हणजे जमा, वजाबाकी तफरीक, गुणाकार जरब, भागाकार तकसीम. त्रिकोण तो मुसल्लस. पाढे मात्र घरीं माझ्या आजीनें घोकून घेतलेले, पावकी-निमकीपासून अडीचकीपर्यंत. त्यामुळें नानांच्या डोक्यांत गुणाकार मराठींत व्हावयाचा आणि पाटीवर उर्दूंत उतरावयाचा. घशांतून काढावयाचा ‘क’ त्यांस जमेना म्हणून त्यांनीं छड्याहि खाल्ल्या. त्याच मौलवीसाहेबांचें नांव पुढें ते कानाच्या पाळीस बोट लावून घेत.

लेखनाच्याहि तीन तऱ्हा. उर्दू उजवीकडून डावीकडे, बालबोध डावीकडून उजवीकडे, आणि आजोबांच्या चोपड्यांतील मोडी, जिच्यांत हात उचलावयाचाच नाहीं. त्यांची एक वही अद्याप माझ्यापाशीं आहे. शीर्षस्थानीं ‘श्री’ बालबोधांत, हिशेब मोडींत, आणि खालीं सही उर्दूंत. गांवहि तसेंच होतें म्हणा. ज्या म्हणीचा आम्हांस एवढा अभिमान, ती ‘जालना सोने का पालना’ ही म्हण तरी कोठें मराठी आहे?

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी राज्य संपलें. १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १९६० मध्यें महाराष्ट्रांत. नाना कचेरींत कारकून होते. मराठींत टिप्पणी लिहिण्याची वेळ आली तेव्हां ते रात्रीं कंदिलाशीं बसून ‘दरखास्त’ ऐवजीं ‘अर्ज’ लिहावा तर तोहि शब्द अरबीच, म्हणून स्वतःशींच हंसत. लादलेल्या भाषेविषयीं गांवांत राग होता आणि तो अनाठायीं नव्हता. ज्या मुलांना घरीं कोणी मराठी वाचावयास बसविलें नाहीं, त्यांचें फार नुकसान झालें. पण नाना मात्र दृष्टि अधू होईपर्यंत दुपारीं उर्दू वर्तमानपत्र वाचीत, आणि संध्याकाळीं आजीच्या वेळेपासून चालत आलेली ‘हरिविजया’ची पोथी.

“तेव्हां,” मी विजयी मुद्रेनें कन्येस म्हणालों, “तीन भाषा आणि तीन लिप्या. काय बिघडलें नानांचें?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “बाबा, नानांच्या भोंवतीं सबंध जालना मराठी बोलत होता. उर्दू होती ती शाळेच्या पांच तासांपुरती. माझ्या मुलाभोंवतीं मराठी बोलणारी मी एक, आणि रात्रीं सात वाजतां घरीं येणारे त्याचे बाबा.”

याला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. आणखी एक गोष्ट ती बोलली नाहीं, पण आम्हां दोघांसहि ठाऊक होती. मी मराठी शाळेंतला शिक्षक. मातृभाषेंतून शिक्षण या विषयावर व्याख्यानें देत असे. परंतु ही मुलगी आठ वर्षांची झाली तेव्हां तिचें इंग्रजी कच्चें राहूं नये म्हणून मीं नियम केला कीं, रात्रीच्या जेवणाच्या वेळीं मजशीं इंग्रजींतच बोलावयाचें. दोन वर्षें तो पाळला गेला. तिला मीठ हवें असलें तरी ती वाक्य जुळवीत बसे आणि पुष्कळदां अळणीच जेवे. आज ती मला पत्र लिहिते तें इंग्रजींत. तिनें याविषयीं कधीं तक्रार केलेली नाहीं. तिचें पत्र उघडतांना मला तें आठवतें, एवढेंच.

त्या रात्रीपासून मीं या विषयावर मिळेल तें वाचण्यास आरंभ केला. त्यांतील एक हकीकत आमच्या वाचकभगिनींस विशेष आवडेल, कारण ती तीन गृहिणींची आहे. मॉन्ट्रियल शहरासमोर, सेंट लॉरेन्स नदीच्या पलीकडल्या कांठीं, सेंट लँबर्ट नांवाचें उपनगर आहे. क्वेबेक प्रांताची भाषा फ्रेंच. पण या उपनगरांत इंग्रजी कुटुंबें पुष्कळ. त्यांचीं मुलें शाळेंत वर्षानुवर्षें फ्रेंच शिकत आणि शेवटीं फ्रेंच शेजाऱ्याशीं दोन वाक्यें धड बोलूं शकत नसत. ओल्गा मेलिकॉफ, म्युरिएल पार्क्स व व्हॅलरी नील या तीन मातांनीं १९६३ पासून पालक जमविले, शाळामंडळाचे उंबरठे झिजविले, आणि सप्टेंबर १९६५ मध्यें सव्वीस मुलांचा एक बालवर्ग मिळविला. इंग्रजी घरांतलीं मुलें, आणि वर्गांत पहिल्या दिवसापासून फ्रेंच. पाहण्यास मॅक्गिल विद्यापीठांतील वॉलेस लँबर्ट व रिचर्ड टकर हे मानसशास्त्रज्ञ आले आणि वर्षानुवर्षें परीक्षा घेत राहिले.

काय दिसलें? पहिल्या वर्षीं हीं मुलें इंग्रजी वाचनांत मागें पडलीं, कारण तें त्यांस कोणी शिकविलेंच नव्हतें. दुसरींत इंग्रजीचा तास सुरू झाल्यावर तीं लौकरच बरोबरीस आलीं. गणित फ्रेंचमध्यें शिकून इंग्रजींत विचारलें तरी अडलें नाहीं. फ्रेंच ऐकून समजणें जवळजवळ फ्रेंच मुलांइतकें; बोलण्यांत मात्र चुका राहिल्या, लिंगाच्या आणि क्रियापदांच्या. सर्वच सोन्यासारखें झालें असें सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवूं नये. पण मातृभाषा बुडाली नाहीं, बुद्धि मंदावली नाहीं, हें खरें.

‘गोंधळा’ची समजूत कोठून आली तेंहि वाचण्यासारखें आहे. पूर्वींच्या परीक्षकांनीं गरीब स्थलांतरितांचीं दुभाषी मुलें एका बाजूस घेतलीं आणि खातीपितीं एकभाषी मुलें दुसऱ्या बाजूस, आणि दारिद्र्याचें माप भाषेच्या पदरांत टाकलें. १९६२ मध्यें एलिझाबेथ पील व याच लँबर्ट यांनीं मॉन्ट्रियलमधील दहा वर्षांचीं मुलें सारख्या स्थितींतलीं निवडून तपासलीं. तेव्हां दुभाषी मुलें मागें नव्हे, पुढें असल्याचें दिसून आलें. त्यांनीं दोन्ही भाषांत सारखीं तरबेज अशींच मुलें निवडलीं होतीं, हा आक्षेप पुढें घेण्यांत आला, आणि तो योग्य आहे. तरी गोंधळाचें भूत त्या दिवसापासून बरेंच उतरलें. मूल एका वाक्यांत दोन भाषा मिसळतें तें बुद्धीचा गुंता झाल्यामुळें नव्हे; जो शब्द हाताशीं असतो तो तें उचलतें. ‘स्टेशनावर गाडी लेट झाली’ असें म्हणणाऱ्या आपल्या कोणाचा गोंधळ झालेला असतो?

इतकें वाचून मला हायसें वाटलें. पण लँबर्ट यांचीच एक गोष्ट पुढें वाचनांत आली आणि कन्येचें वाक्य पुन्हां समोर उभें राहिलें. दुभाषीपणाचे ते दोन प्रकार सांगतात, एक भर घालणारा, दुसरा वजा करणारा. सेंट लँबर्टच्या मुलांना फ्रेंच मिळालें ती शुद्ध भर होती. त्यांची इंग्रजी घरांत होती, रस्त्यांत होती, दुकानांत होती, साऱ्या खंडांत होती, तिला कोण हलविणार? पण ज्याच्या घरची भाषा बाहेर कोणी बोलत नाहीं, त्याच्या पदरांत शाळा नवी भाषा टाकते तेव्हां जुनी खालून गळून पडण्याचा संभव असतो. नानांची भाषेची बेरीज होती, जमा होती. माझ्या नातवाची तफरीक होऊं शकते. एकच शाळा, एकच वर्ग, तेच बाकडें. शेजारच्या इंग्रजी मुलास जी भर, तीच याला घट.

याचें उदाहरण आपल्याच लोकांत आहे. एकोणिसाव्या शतकांत कोंकणांतून मुंबई बंदरामार्गें मराठी मजूर मॉरिशस बेटांत ऊंसाच्या शेतांवर गेले. तें बेट आधीं फ्रेंचांचें, १८१० पासून इंग्रजांचें. म्हणून तेथील मूल आजहि पहिलीपासून इंग्रजी व फ्रेंच दोन्ही शिकतें. माझ्या नातवासारखेंच म्हणा ना. शिवाय आईबापांची इच्छा असेल तर शाळेंतच मराठी हाहि विषय घेतां येतो. पुस्तक आहे, परीक्षा आहे, शिक्षक आहे; गणेशचतुर्थीस साऱ्या देशांत सुट्टी असते. पण चुलीपाशीं बहुतेक घरांत बोलली जाते ती क्रिओल, जी फ्रेंचपासून तेथें मळ्यांत घडली. मराठी देव्हाऱ्यांत राहिली, भजनांत राहिली, आणि शाळेच्या तासांत राहिली. एवढें टिकविणाऱ्या त्या लोकांस मी मनापासून नमस्कार करतों. तरी, शाळेचा तास गेलेली भाषा स्वयंपाकघरांत परत आणूं शकत नाहीं, हें मला तेथें दिसलें.

मग ती स्वयंपाकघरांत कशानें राहते? याचें उत्तर मीं पुस्तकांत शोधीत होतों तेव्हां तें माझ्या पाठीमागें पडवीवर चाललें होतें.

नातवास मराठी सर्व समजे. बोलत मात्र नसे. माझ्याशीं तो इंग्रजींतच बोले. मी मराठींत विचारावें, त्यानें इंग्रजींत सांगावें, असा आमचा संसार. आक्कांची गोष्ट निराळी. त्यांचें शिक्षण मराठी चौथीपर्यंत. इंग्रजी येत नाहीं आणि येत नसल्याची खंतहि नाहीं. पहिले दोन दिवस तो त्यांच्याशींहि इंग्रजींत बोलला. त्या “काय म्हणतोस रे?” असें विचारीत आणि उत्तर समजलें नाहीं म्हणजे आपल्या कामास लागत. तिसऱ्या दिवशीं त्यास भूक लागली. मी ओसरीवर बसलों होतों, आंतून ऐकूं आलें, “आक्काआजी, मला पोळी दे. गूळ लाव.” दोन वाक्यें, दोन्ही पूर्ण. त्यानंतर तो आक्कांपाशीं दिवसभर बडबडे. चुकत असे, अडत असे, क्रियापद न सांपडल्यास हातवारे करी. पण बोले मराठींतच, कारण तेथें दुसरी वाट नव्हती. आणि माझ्याकडे वळला कीं पुन्हां इंग्रजी. ज्या भाषेवांचून भागतें ती तें मूल कशाला बोलेल? माझें इंग्रजी, ज्याचा मला थोडा अभिमान होता, तेंच त्याच्या मराठीच्या वाटेंत धोंडा होऊन बसलें होतें.

एके दिवशीं मीं इंग्रजी येत नसल्याचें सोंग केलें. त्यानें माझ्या हातांतील इंग्रजी वर्तमानपत्राकडे पाहिलें, मग माझ्याकडे पाहिलें. सोंग तेथेंच संपलें.

फ्रेंच भाषेनें मात्र मला अनपेक्षित मदत केली. आक्कांनीं त्यास सांगितलें कीं, मला ‘तू’ म्हण, पण आजोबांना ‘तुम्ही’ म्हणावें. इंग्रजींत वाढलेल्या मुलास हा भेद कसा समजावा या विचारांत मी होतों, तों तो म्हणाला कीं फ्रेंचमध्यें असेंच असतें, आईला ‘त्यू’ आणि शाळेंतल्या बाईंना ‘वू’. पुढें आमचा खेळच झाला. फ्रेंचमध्यें खुर्ची स्त्रीलिंगी, आमचीहि ती खुर्ची. इंग्रजींत बिचारीस लिंगच नाहीं. फ्रेंच सात म्हणजे ‘सेत’. लिहितांना त्यांत ‘प’ काढतात पण उच्चारीत नाहींत, हें त्यानें मला पाटीवर दाखविलें. मीं त्याच्याखालीं ‘सप्त’ लिहिलें आणि सांगितलें कीं आमच्याहि सातांतला ‘प’ असाच वाटेंत गळाला. त्याला हें फार आवडलें. त्या दिवशीं प्रथम त्यानें आपण होऊन मला मराठींत विचारलें, “अजून सांगा.” नाहींतर फ्रेंच आणि इंग्रजी यांची आमच्या जिल्ह्यांतील जुनी ओळख निराळीच आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं केळनेच्या कांठीं असई येथें वेलस्लीच्या फौजेसमोर शिंद्यांच्या ज्या पलटणी उभ्या राहिल्या, त्यांची घडण द बॉइन आणि पेराँ यांनीं युरोपीय धर्तीवर केलेली होती. ती हकीकत सांगितल्यावर त्यानें कोण जिंकलें म्हणून विचारलें, आणि उत्तर ऐकून आपण इंग्रजी बोलतों तें याचमुळें काय, असें विचारलें. या मुलांस थोपविणें कठीण.

निघण्यापूर्वीं चार दिवस कन्येनें आक्कांपुढेंहि तोच प्रश्न ठेवला. तज्ज्ञ बाईंचा सल्ला, शाळेचा भार, सर्व सांगितलें. आक्का भाजी चिरीत होत्या. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें आणि विचारलें, “मग तो माझ्याशीं कशांत बोलेल?”

पतिपत्नींनीं दूरध्वनीवर पुष्कळ वेळ बोलून निर्णय घेतला. शाळेंत फ्रेंच अवगाहन, घरीं मराठी. इंग्रजीची काळजी रस्ता घेईल. गणपति बसण्यापूर्वीं मायलेक परत गेलीं.

ऑटावाचें घड्याळ उन्हाळ्यांत आमच्या साडेनऊ तास मागें आणि हिवाळ्यांत साडेदहा. त्याची शाळेंत जाण्यापूर्वींची न्याहारी ती आमची दिवेलागणीपूर्वींची वेळ. रोज त्या वेळीं मी गोष्ट सांगावयाची आणि अर्ध्यावर थांबवावयाची असें ठरलें. येथें मीं पुन्हां शिक्षकपणा केला. त्यानें इंग्रजींत प्रश्न विचारला कीं गोष्ट बंद, असा नियम घातला. कावळ्याचें शेणाचें घर वाहून गेलें तेथेंच तो इंग्रजींत कांहीं बोलला, मीं गोष्ट बंद केली, आणि पुढें आठ दिवस तो दूरध्वनीपाशीं आला नाहीं. “बाबा, तुमचा जेवणाचा नियम आठवला मला,” एवढेंच कन्या म्हणाली. तिच्या आवाजांत राग नव्हता. नवव्या दिवशीं मीं आक्कांस पुढें बसविलें आणि स्वतः मागें, खांबाआड बसलों.

तेव्हांपासून तसेंच चाललें आहे. आक्का गोष्ट सांगतात. मध्येंच कुकरची शिटी झाली म्हणजे “थांब रे” म्हणून उठतात. तो वाट पाहतो. त्याच्या मराठींत ‘मी स्लिप झालों’ असले प्रकार पुष्कळ आहेत. आक्का त्यास दुरुस्त करीत नाहींत, “पडलास? लागलें का?” एवढें विचारतात, आणि पुढच्या खेपेस तो पडलेला असतो. मला खांबाआड बसणें कठीण जातें. परवां त्यानें शाळेंत शिकलेलें कांहीं त्यांस फ्रेंचमध्यें म्हणून दाखविलें; आक्कांनीं अर्थ विचारला, आणि तो सांगण्यास त्याला बराच वेळ लागला, पण त्यानें तो सांगितला.

वाचन अद्याप नाहीं. नानांच्या वहीचें छायाचित्र मीं त्यास पाठविलें होतें. मोडी आणि उर्दू पाहून त्यानें विचारलें कीं नानांना एकच लिपि येत नव्हती काय. बाराखडीचें पुस्तक टपालानें पाठवून आज पांच आठवडे झाले. पोंचल्याचें अजून कळलें नाहीं.